दोन बाटल्या सोलापुरात ठेवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय: किडनी प्रत्यारोपणात लागणारी अँटिबॉडी इंजेक्शनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजात स्पष्ट नाव घेऊन समाविष्ट करणे आणि त्यांचा साठा सोलापुरात ठेवणे.

महोदय,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते आणि एका टॉवेल कारखान्यात स्टोअर सांभाळते. सूत किती आलं, माल किती गेला, कोणत्या रॅकवर काय पडून आहे, हे लिहिणं माझं रोजचं काम. माझ्या धाकट्या भावाला आमच्या आईने किडनी दिली, त्याला येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. तो बरा आहे, पुन्हा कामावर जातो. त्याच्यासाठी मला काही मागायचं नाही. पण परवा डायलिसिसच्या वॉर्डात त्याच्या एका जुन्या सोबत्याला भेटायला गेले होते. तो प्रत्यारोपणाच्या यादीत आहे. त्याच्या बायकोने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ताई, ते इंजेक्शन तुम्ही कुठून आणलं होतं?" हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी मी दारोदार विचारत फिरत होते. म्हणून लिहायला बसले.

ऑपरेशनला पाच दिवस राहिले असताना आमच्या हातात चिठ्ठी आली. इंजेक्शन बॅसिलिक्सिमॅब, २० मिलिग्रॅम, नग दोन. एक ऑपरेशनच्या आधी दोन तासांच्या आत द्यायचं, दुसरं चौथ्या दिवशी. ऑपरेशन योजनेतून होणार होतं, पण हे इंजेक्शन पॅकेजात बसत नाही, बाहेरून आणावं लागेल, असं आम्हाला सांगण्यात आलं. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी माझ्या भावासाठी रात्री जागवल्या, त्यांच्याकडे बोट दाखवायचं माझ्या मनातही नाही.

नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत सगळी मोठी औषध दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने खरं ते सांगितलं. म्हणाला, "ताई, वर्षाकाठी दोन-चार नग खपणार. आणून ठेवलं आणि तारीख उलटली तर एवढा तोटा मी कुठून भरू?" मला त्याचा राग आला नाही. पडून राहिलेला माल काय असतो हे मला चांगलं कळतं. त्यानेच पुण्याच्या डिस्ट्रिब्युटरचा नंबर दिला. तिथे रोख आधी, माल नंतर. आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाली, "किडनी देतेय, पाटल्यांचं काय घेऊन बसलीस."

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेले, दुपारी स्वारगेटहून एसटी धरली. मे महिना, बाहेर त्रेचाळीसच्या आसपास. मांडीवर थर्माकोलचा डबा. दुकानातल्या मुलाने दोनदा बजावलं होतं की दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे, आणि बाटली बर्फाच्या पिशवीला टेकू द्यायची नाही, गोठली तर वाया. मी जाताना आमच्याच कारखान्याचा एक नॅपकिन पर्समध्ये टाकला होता, त्यात त्याने दोन्ही बाटल्या गुंडाळल्या आणि डब्याला खाकी टेप मारली. अडीचशे किलोमीटर मी तो डबा खाली ठेवला नाही. टेंभुर्णीला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, मी बसूनच राहिले. सारखा तळहात डब्याला लावून बघत होते. मोहोळच्या पुढे डब्याचं बूड जरा कोमट लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आत काय झालंय ते कळायला मार्ग नाही. उघडून बघावं तर गार हवा जाणार. रात्री हॉस्पिटलात पोचले तेव्हा सिस्टरने डबा उघडला. आत हात घालून म्हणाली, "गार आहे." रजिस्टरला वेळ लिहिली आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. मी तिथेच बाकावर बसून रडले.

आईची किडनी, आईच्या पाटल्या, सरकारचं ऑपरेशन, डॉक्टरांची वर्षानुवर्षांची विद्या, आणि हे सगळं पाच तास माझ्या मांडीवरच्या एका डब्यावर टांगलेलं होतं. हे असं असायला नको होतं, महोदय.

ही बाटली करते काय, ते मी डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं. आपल्याला ठाऊक असेल, पण हे पत्र आमच्यासारखी घरंही वाचतील, म्हणून लिहिते. आपल्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्यांना एचएलए म्हणतात. निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. त्यामुळे आईची किडनी मुलाच्या शरीराला निम्मीच ओळखीची. तपासात सहापैकी तीन खुणा जुळल्या. माझ्या आणि भावाच्या एकही जुळली नाही, सख्ख्या भावंडांत चारात एकदा असं होतं म्हणे. न जुळलेल्या खुणा दिसल्या की रक्तातल्या टी पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, जाग्या होतात. जागी झालेली पेशी इंटरल्यूकिन-२ नावाचा निरोप सोडते. तो निरोप ज्या पेशींच्या दारावर पोचतो त्या भराभर वाढतात आणि नव्या किडनीवर तुटून पडतात. बॅसिलिक्सिमॅब ही औषध म्हणून तयार केलेली अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक खुणेलाच चिकटणारं प्रथिन. ते नेमकं त्या दारात जाऊन बसतं. निरोप येतो, पण आत शिरत नाही. हे दार मुख्यतः जाग्या झालेल्या पेशींवर असतं, त्यामुळे बाकीच्या पेशींना फारसा धक्का लागत नाही. दोन डोसांचा पहारा साधारण महिना-दीड महिना टिकतो. सुरुवातीचे हेच आठवडे जोखमीचे, आणि तोवर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या टी पेशींना आवरणाऱ्या रोजच्या गोळ्यांचं प्रमाण रक्तात बसतं.

अशा अँटिबॉडी बनवायची युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाईन यांनी शोधली. त्यासाठी त्यांना १९८४ मध्ये नोबेल मिळालं, पण त्या युक्तीचं पेटंट घेतलं गेलं नाही. आज कॅन्सरवर, संधिवातावर 'मॅब' शेवटी असलेली कितीतरी औषधं आहेत. पण या जातीचं माणसाला द्यायला मंजूर झालेलं पहिलं औषध किडनीचं रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, थांबवायला आलं होतं, १९८६ मध्ये अमेरिकेत. मुरोमोनॅब त्याचं नाव. ते पूर्ण उंदराचं, त्यामुळे पहिल्या डोसला थंडी वाजून सडकून ताप यायचा, काहींच्या फुप्फुसांत पाणी भरायचं. पुढे ते बाजारातून गेलं. बॅसिलिक्सिमॅब १९९८ मध्ये आलं. त्यात उंदराचा भाग थोडा, बाकी माणसाचा, म्हणून ते अंगाला सोसतं. माझ्या भावाला दोन्ही वेळा साधी कणकणही आली नाही. म्हणजे ही काही काल निघालेली चैनीची वस्तू नाही. पंचवीस वर्षांहून जुनं, हाताखालचं औषध आहे.

सगळ्यांनाच ते लागतं असं मी म्हणणार नाही. जुळणी चांगली असेल, आधी रक्त चढवलेलं नसेल, तर काही डॉक्टर इंजेक्शन न देताही प्रत्यारोपण करतात. तो त्यांचा अभ्यास आहे. मला दुखतं ते वेगळंच. वॉर्डात मी दोन घरं अशी पाहिली की डॉक्टरांनी इंजेक्शन हवं म्हटलं आणि घराने हात जोडले. मग "बघू, गोळ्यांवर भागवू" असं ठरलं. एचएलएचा कागद बाजूला राहिला आणि घराची ऐपत बघून निर्णय झाला.

आणि गरिबाला हे इंजेक्शन जास्त लागतं, कमी नाही. डायलिसिसवर रक्त कमी होत जातं. हिमोग्लोबिन वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आठवड्याला परवडत नाही, मग रक्ताची पिशवी चढते. माझ्या भावाला चार चढल्या. प्रत्येक पिशवीबरोबर परक्या खुणा अंगात येतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवतं. पुढे किडनी बसते तेव्हा शरीर आधीच तयारीत असतं. म्हणजे आधी पैसे नव्हते म्हणून रक्त चढलं, आणि रक्त चढलं म्हणून आता महागडं औषध लागतं. बायकांचं तर आणखी कठीण. बाळंतपणात बाळाच्या, म्हणजे नवऱ्याकडून आलेल्या खुणा आईच्या रक्ताला भेटतात. नवऱ्याने बायकोला किडनी द्यायची म्हटली तर तिचं शरीर नेमकं त्यालाच ओळखून असू शकतं. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका पुढे आणि घेणाऱ्यांत मागे. जी एखादी घ्यायला उभी राहते, तिला चांगल्या अँटिबॉडी औषधाची गरज पुरुषापेक्षा अधिक असण्याची शक्यता असते, आणि तिच्यासाठी घरातून पैसे निघण्याची शक्यता कमी. हे मी पुस्तकातून लिहीत नाही, वॉर्डातल्या बाकावर बसून पाहिलंय.

आमची परीक्षा तिथे संपली नाही. सातव्या महिन्यात भावाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा आकडा, १.१ वरून आठवड्याभरात २.९ वर गेलं. टॅक्रोलिमसची पातळी तपासायला रक्त दिलं, आमचा नमुना बाहेरगावी गेला आणि रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. पातळी खाली घसरली होती. तोवर बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी, झाली होती, रिजेक्शन निघालं होतं. तीन दिवस स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, आकडा हलेना. मग डॉक्टरांनी एटीजी लिहून दिलं. माणसाच्या थायमसमधल्या पेशी सशाला टोचून त्याच्या रक्तातून हे औषध काढतात. बॅसिलिक्सिमॅब दार अडवतं, हे टी पेशी सरळ साफच करतं. देण्याआधी विचारतात, सशाची ॲलर्जी आहे का? भाऊ आईकडे बघायला लागला. आमच्या माळकरी घरात सशाचा काय संबंध आला? आईने देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "त्या मुक्या जीवाचे उपकार आहेत, लावा."

त्याचं वजन बावन्न किलो. किलोला दीड मिलिग्रॅम, म्हणजे रोज साधारण पंचवीस मिलिग्रॅमच्या तीन बाटल्या, पाच दिवस. एकूण पंधरा. सोलापुरात त्या दिवशी एकही मिळाली नाही. पहिल्या तीन दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या, बाकीच्या हप्त्याहप्त्याने. तो एक दिवस आम्ही क्रिएटिनिन वाढताना बघत काढला. मग मानेतल्या मोठ्या नळीतून सहा तास थेंब थेंब. आधी ताप आणि ॲलर्जीची औषधं देऊनही दुसऱ्या तासाला त्याला अशी हुडहुडी भरली की पलंगाचं लोखंड वाजत होतं. मी त्याचे पाय दाबून धरले होते. पुढे संसर्ग होऊ नये म्हणून महिनोन्‌महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, तो खर्च वेगळा. किडनी वाचली. आकडा १.७ वर थांबला, पहिल्यासारखा १.१ कधी झाला नाही. त्या वाट पाहण्यात किती गेलं, ते मला कोणी सांगू शकणार नाही.

आता मागणी सांगते.

२०२३ मध्ये सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २.५ लाखांवरून ४.५ लाख रुपये केली. ही वाढ मोठी होती, त्याबद्दल मनापासून आभार. पण एकच एकत्रित आकडा असला की त्यात काय धरलंय आणि काय नाही, हे रुग्णाला कळत नाही. ऑपरेशन, खाट, तपासण्या यांतच तो आकडा संपला असं म्हणतात आणि चिठ्ठी बाहेरची येते. म्हणून बॅसिलिक्सिमॅब आणि एटीजी ही नावं पॅकेजात छापा, त्यांची रक्कम वेगळी ठेवा, आणि ती डॉक्टरांनी एचएलए, क्रॉसमॅच (दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ती तपासणी) आणि रक्त चढवल्याचा इतिहास लिहून मागितली की मिळेल असं करा. पहिल्या वर्षात रिजेक्शन झालं तर त्याचे उपचारही त्याच ओळीत घ्या. हिशेब सरकारच्याही बाजूचा आहे. किडनी गेली की माणूस पुन्हा आठवड्याला तीन डायलिसिसवर येतो, वर्षाला १५६. ते पैसेही बहुतेक वेळा योजनेतूनच जातात. शिवाय गेलेली किडनी अंगात इतक्या अँटिबॉडी सोडून जाते की दुसऱ्या प्रत्यारोपणासाठी जुळणारा दाता मिळणं मुश्कील होऊन बसतं.

दुसरी गोष्ट साठ्याची, आणि यावर मी जरा हक्काने बोलते, कारण स्टोअर हे माझं काम आहे. दुकानदार हे औषध ठेवणार नाही, त्याचं कारण मी वर सांगितलं. ते सरकारनेच ठेवायला हवं. सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आपल्या खात्याकडे नसून वैद्यकीय शिक्षणाकडे येतं हे मला ठाऊक आहे. दोन्ही खात्यांनी एकत्र बसून ठरवावं, एवढीच विनंती. तिथे बॅसिलिक्सिमॅबच्या चार बाटल्या ठेवा, म्हणजे दोन रुग्णांची सोय, आणि एटीजीच्या वीस, म्हणजे एका रुग्णाची. एका फ्रीजचा एक कप्पा. जिल्ह्यात ज्या कोणत्या हॉस्पिटलात प्रत्यारोपण असेल, त्यांनी तिथून उचलावं. तारीख उलटण्याची भीती असेल तर त्यालाही उपाय आहे. सहा महिने पडून राहिलेल्या बाटल्या पुण्याला पाठवा, जिथे प्रत्यारोपणं जास्त होतात आणि माल लवकर खपतो, आणि तिथून लांब तारखेच्या बाटल्या इकडे घ्या. आमच्या कारखान्यात दोन गोडाउनांत हेच करतो, आधी आलेला माल आधी जातो. राज्याने २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला आहे. सगळ्या राज्याची गरज एकत्र काढून त्यांनी खरेदी केली तर भावही उतरेल. आपल्या देशात अशी औषधं स्वस्त करता येतात. रिटुक्सिमॅब या दुसऱ्या अँटिबॉडी औषधाची भारतीय आवृत्ती २००७ मध्येच निघाली.

थंड साखळी जमणार नाही असं आपलं खातं तरी म्हणू शकणार नाही. गावोगावच्या आरोग्य केंद्रात लसी याच दोन ते आठ अंशांत राहतात. आयएलआर, म्हणजे लसींचा खास फ्रीज असतो, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलं जातं, वीज गेली तर काय करायचं ते ठरलेलं असतं. उन्हाळ्यात दक्षिण सोलापूरच्या वाडीवस्तीवर लस गार पोचवणाऱ्या माणसांना दोन बाटल्या शहरात गार ठेवणं अवघड नाही.

तिसरं, टॅक्रोलिमसची पातळी सोलापुरातच त्याच दिवशी कळावी. यावर जास्त लिहीत नाही, वर सगळं आलं आहे.

ज्याच्या बायकोने मला विचारलं, त्याच्याकडे परत येते. त्याला घरातून दाता नाही. तो मेंदू मृत झालेल्या दात्याच्या किडनीची वाट बघतोय. सोलापुरातल्या दात्यांचे अवयव पोलिसांनी रस्ता मोकळा करून पुण्याला पोचवल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. असा दाता कधी येईल, ते सांगून येत नाही. त्याला फोन येईल तो कदाचित रात्री दोनला. किडनी बर्फात साधारण चोवीस तास टिकवतात, पण जितकी लवकर बसेल तितकी बरी. अशा किडनीला रिजेक्शनचा आणि उशिरा सुरू होण्याचा धोका जास्त, म्हणून त्याला हे इंजेक्शन लागणारच, आणि पहिला डोस ऑपरेशनच्या आधी. आम्हाला पाच दिवस मिळाले होते. त्याला पाच तासही मिळणार नाहीत. रात्री दोनला कोणता डिस्ट्रिब्युटर फोन उचलेल? कोणता सोनार दुकान उघडेल? त्याच्या बायकोला मी पुण्याचा नंबर दिला, दुसरं काय देणार. तिने तो मोबाइलमध्ये 'इंजेक्शन ताई' या नावाने ठेवला आणि मला दाखवला.

ती बिड्या वळते. दिवसाची हजार बिडी आणि मग नवऱ्याचं डायलिसिस. पुण्याला एकटी कधी गेलेली नाही.

आपलं उत्तर योजनेच्या किंवा कोणत्याही कार्यालयाच्या पत्रावर आलं तरी चालेल, मी ते वॉर्डात लावेन. सिव्हिलमध्ये फ्रीजचा तो कप्पा भरायचा निर्णय झाला तर तो एप्रिलच्या आत व्हावा, ही विनंती. एप्रिलनंतर पुणे-सोलापूर रस्त्यावर दुपारच्या एसटीत ती बाटली गार राखणं फार कठीण जातं.

आपली नम्र,
एका किडनी रुग्णाची बहीण
पूर्व भाग, सोलापूर